राऊळांच्या परड्यातलं दहावं झाड

“या देशातली प्रत्येक अनुत्पादक गोष्ट मुळासकट काढून टाकली पाहिजे,” मी म्हणालो. “त्याशिवाय देश पुढं जायचा नाही.”

भागाकाकींनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि काळजीनं माझ्याकडं पाहिलं.

“म्हणजे तुमची बदली होतली?”

प्रश्न रास्त होता. कृषी सहाय्यक म्हणून हुंबरगाळात येऊन मला सहा महिने झाले होते आणि माझ्यामुळं गावात एखादं पान जास्त उगवल्याची तक्रार कुणी केलेली नव्हती. मी सव्वीस वर्षांचा, सातारकडचा. ऊस आणि ज्वारी यांवर मी तासभर बोलू शकलो असतो. पण कुडाळच्या पलीकडल्या त्या गावात ऊस ही तुळशीच्या लग्नापुरती आणायची वस्तू होती आणि ज्वारीबद्दल कुणी चौकशीही करत नव्हतं. तिथं भात, काजू आणि कोकम पिकत असे, आणि ते माझ्या खात्याच्या स्थापनेआधीपासून पिकत होतं.

“बदलीचं नाही काकी. मी त्या झाडाबद्दल बोलतोय.”

मी परड्याकडं बोट केलं. चंद्रभागा राऊळ, म्हणजे आमच्या भागाकाकी, यांच्या घरामागं कोकमाची दहा झाडं होती. सासऱ्यांनी लावलेली, चाळीस वर्षांची. त्यांतली नऊ दर उन्हाळ्यात रातांब्यांनी लालभडक व्हायची. दहावं, गडग्याला लागून असलेलं, सगळ्यांत देखणं होतं. सरळ, गर्द, शेंडा टोकदार. पण त्या झाडानं चाळीस वर्षांत एक रातांबा दिला नव्हता.

त्याच झाडासाठी काकींनी मला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी होळी होती आणि होळीच्या सकाळी न धरणाऱ्या झाडाला धाक घालायची त्या गावची पद्धत. एकानं कुऱ्हाड उगारायची आणि म्हणायचं, ‘तोडतंय तुका.’ तीन घाव घालायचे, सालीला लागतील न लागतील असे. मग दुसऱ्यानं झाडाची बाजू घ्यायची आणि पुढल्या वर्षासाठी जामीन राहायचं. झाड घाबरतं, थोडं शरमतं आणि पुढल्या साली फळतं. निदान फणस तरी फळतात, असा काकींचा अनुभव होता. हे कोकम मात्र चाळीस वर्षं नुसतंच घाबरत होतं.

“नवरो गेल्यापासून दरवर्सा मीच धाक घालतंय,” काकी म्हणाल्या. “यंदा ह्यो हात वर जाणा नाय. तुम्ही घाला. सरकारी माणसाचो धाक झाडाक जास्त बसतलो.”

“आणि जामीन कोण राहतं?”

काकींनी हनुवटीनंच गडग्याकडं खूण केली. गडगा म्हणजे दगडावर दगड रचलेली छातीएवढी कोरडी भिंत. पलीकडं त्यांचे धाकटे दीर भिवा राऊळ राहायचे, ज्यांना गाव तात्या म्हणे. हा गडगा दीड हात इकडं असावा की तिकडं, यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. पुढं थोरला भाऊ वारला, पण अबोला काकींनी चालू ठेवला. तात्यांनीही ठेवला. फक्त होळीच्या सकाळी ते गडग्यापाशी येऊन उभे राहायचे. जामीन राहणारा घरचाच लागतो आणि घरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. कुऱ्हाडीचे तीन घाव पडले की ते झाडाकडं बघत म्हणायचे, “रवांदे. फुडल्या वर्साक धरतलां.” म्हणजे राहू दे, पुढल्या वर्षी धरील. एवढं बोलून ते परत जायचे. त्या दोन घरांमध्ये वर्षभरात तेवढंच बोलणं व्हायचं, आणि तेही झाडाशी.

मी खात्याकडून मिळालेलं सायक्लोस्टाईल पत्रक खिशातून काढलं. ‘कोकम : काही सूचना.’ त्या गावात माझ्यापाशी असलेलं सगळं ज्ञान त्या एका कागदावर मावत होतं.

“काकी, हे झाड धाकानं धरणार नाही. हे नर आहे. हे बघा, इथं लिहिलंय, नर झाडांना फळे येत नाहीत.”

“नर म्हणजे?”

“म्हणजे पुरुष.”

“झाडांत पण बापये आसतत?” काकींनी त्या झाडाकडं नव्या नजरेनं पाहिलं. “तरीच. नुसतो उभो आसा.”

“म्हणूनच म्हणतो, काढून टाका. खत खातंय, पाणी पितंय, बाकीच्या नऊ झाडांच्या जिवावर जगतंय आणि देत काही नाही.”

“माझ्या घोवान जल्मात काय दिल्यान नाय,” काकी म्हणाल्या. “म्हणान त्याका तोडलंय काय?”

नवऱ्यांबद्दल पत्रकात काही सूचना नव्हती. मी ते पुन्हा खिशात घातलं. काकी सूप पुन्हा उचलून तांदूळ पाखडायला लागल्या आणि पाखडता पाखडता त्यांनी खरी गोष्ट काढली.

त्यांचा मुलगा प्रभाकर डोंबिवलीला होता. तो तीन वर्षं पत्रं लिहीत होता की आई, आता एकटी राहू नकोस, इकडं ये. त्यानं गॅलरीत खाटसुद्धा टाकून ठेवली होती. काकी एकदा जाऊन ती खाट बघून आल्या होत्या. तिच्यावर पडलं की समोरच्या इमारतीतल्या माणसाचं दाढी करणं दिसायचं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांना जायचं नव्हतं. मे महिन्यात रातांबे फोडायचे, सालं उन्हात घालायची, संध्याकाळी रसात बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची, असं सात वेळा केलं की आमसुलं होतात. काकींची आमसुलं आजूबाजूच्या चार गावांत जायची. त्या महिन्यात त्यांचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. नवख्या माणसानं पाहिले असते तर पोलिसपाटलाला कळवलं असतं. त्या आमसुलांवर त्यांचं वर्ष निघायचं आणि कुणाकडं काही मागायची वेळ यायची नाही.

“गेली दोन वर्सां रातांबे कमी,” त्या म्हणाल्या. “प्रभाकर म्हणता, आई, झाडां पण थकली. माका बोलूक काय रवलां नाय. मगे मी तेका लिवन दिलंय, फुडल्या दोन वर्सांत एक वर्स जरी झाडांनी माका उपाशी ठेवल्यानी, तर येतंय. तुझ्या खाटीर.”

“लिहून दिलंत?”

“सही करून. ह्यो बापयो तोडलो तर बाकीची जास्त धरतली?”

“दीडपट,” मी म्हणालो.

हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. मी तोंड उघडलं आणि तो बाहेर पडला.

काकींनी तांदळातला एक खडा वेचून लांब टाकला. “दीडपट झाला तर प्रभाकराक कळवतंय,” त्या म्हणाल्या. “खाट देवन टाक कोणाक तरी.”

होळीच्या सकाळी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून परड्यात हजर झालो. मी शेतकऱ्याचा मुलगा, कुऱ्हाड मला नवी नव्हती. काकींनी झाडाला हळदकुंकू वाहिलं, बुंध्याशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि मला समजावलं.

“आधी तीन घाव, हळू. मगे ते काय म्हणतत ता म्हणांदेत. पद्धत मोडूची नाय. मगे काय ता बघू.”

“मग तोडायचं?”

“मगे मी सांगतंय.”

त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं. चाळीस वर्षं पाणी घातलेलं झाड होतं. मला मात्र चहाच्या आत काम उरकायचं होतं.

तात्या गडग्यापलीकडं येऊन उभे राहिले होते. सत्तरीच्या आसपासचा वाळका माणूस, खांद्यावर पंचा, तोंडात पान. त्यांनी कुऱ्हाड काकींच्या हातात नाही, माझ्या हातात आहे, हे पाहिलं आणि पान गालात सरकवलं.

“तोडतंय तुका,” मी झाडाला म्हणालो. माझ्या सातारी तोंडातून ते इतकं वाईट आलं की एखादं सुशिक्षित झाड हसलं असतं. मी तीन हलके घाव घातले.

“रवांदे,” तात्या म्हणाले. “फुडल्या वर्साक धरतलां.”

पद्धत पूर्ण झाली. मी काकींकडं पाहिलं. त्या झाडाकडं बघत होत्या. मी त्यांच्या होकाराची वाट न बघता कुऱ्हाड नीट धरली, पाय फाकवले आणि चौथा घाव घातला. खरा. सालीतून पिवळा चीक आला.

“रवांदे,” तात्या पुन्हा म्हणाले.

मला गंमत वाटली. म्हाताऱ्याला पद्धतीचा भारी उत्साह, असं वाटून मी त्यांच्याकडं पाहून हसलोसुद्धा. पाचवा घाव घातला.

तात्यांनी पान थुंकलं. दोन्ही हात गडग्यावर ठेवले आणि या वेळी झाडाकडं न बघता काकींकडं बघून ते म्हणाले,

“रवांदे, वैनी.”

मी कुऱ्हाड खाली टेकवली. कोंबड्यासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. काकींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. अकरा वर्षांत त्या माणसानं त्यांना हाक मारली नव्हती. नवरा गेला तेव्हाही नाही.

“आता,” काकी म्हणाल्या. त्या तात्यांशी नाही, माझ्याशी बोलत होत्या, पण गडग्यापलीकडं नीट ऐकू जाईल अशा बेतानं. “आता वैनी आठवली. झाड गडग्याक लागान आसा मा. आज झाड रवांदे, उद्या गडगो सरकवतलो. माका सगळा कळता. सायबांनू, तोडा.”

तात्या तोंड उघडून काही बोलणार होते. ते काय, ते त्या दिवशी कळलं नाही. त्यांनी पंचा झटकला आणि घराकडं गेले. मी अर्ध्या तासात झाड पाडलं. ते बाकीच्या नऊ झाडांपैकी कुणाला न लागता मोकळ्या जागेत पडलं, याचा मला अभिमान वाटला. संध्याकाळी त्याचाच ओंडका गावच्या होळीत गेला.

त्या वर्षी रातांबे असे धरले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. काकींचं अंगण, पडवी, गोठ्याचं छप्पर, सगळीकडं सालं वाळत होती. मी तोडलं तेव्हा नऊही झाडांवर हिरवी फळं आधीच धरलेली होती. ती मी पाहिली होती, पण त्यावर विचार करण्याचं माझ्या पदावर बंधन नव्हतं. काकींनी मला रातांब्यांच्या रसाची, आगळाची बाटली दिली आणि प्रभाकरला पत्र लिहायला माझ्याकडंच आल्या.

“काय लिवतलास?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगा.”

“लिवा, झाडां थकली नाय.”

मी लिहिलं. नंतर आणखी एक गोष्ट लिहिली, तो अहवाल. विस्तार अधिकारी मोहोळकरसाहेब फिरतीवर आले होते. त्यांनी काकींच्या पडवीत बसून सोलकढीचे दोन पेले घेतले आणि म्हणाले, “जगदाळे, हे कागदावर घ्या. अनुत्पादक झाड काढल्यानं उत्पन्न दीडपट. अशी उदाहरणं वर पाठवायची असतात.” मी पाठवलं. पावसाळ्यात वरून शाबासकीचं पत्र आलं आणि तालुक्यात ‘अनुत्पादक वृक्ष निष्कासन मोहीम’ सुरू झाली. शेजारच्या पाच गावांत लोक मला विचारून झाडं दाखवायचे आणि मी बोट करायचो. सगळ्या नोकरीत माझ्या बोटाला इतका मान पुन्हा मिळाला नाही.

दिवाळीनंतर काकींच्या झाडांवर फुलं आली. भरपूर आली. काकींनी मला मुद्दाम बोलावून दाखवली. जानेवारीच्या शेवटी त्यांचा निरोप आला. मी गेलो तर काकी परड्यात उभ्या होत्या. झाडांखाली सगळीकडं फुलांचा सडा होता. अजून झाडून काढलेला नव्हता.

“फुलां इली,” त्या म्हणाल्या. “नि गळली.”

“सगळी?”

“तुम्ही बघा. तुमका वर बघता येता, माझी मान दुखता.”

मी नऊही झाडांखाली फिरून वर पाहिलं. एक एक फांदी खाली ओढून पाहिली. फळ दिसलं नाही.

“कीड असेल,” मी म्हणालो. “पत्रक बघून सांगतो.”

खोलीवर येऊन मी पत्रक शोधलं. ते गादीखाली होतं. पुढची बाजू मला पाठ होती. मागच्या बाजूवर मी रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बदलीच्या अर्जाचा कच्चा खर्डा लिहिला होता: ‘महोदय, घरगुती अडचणीमुळे…’ माझ्या अक्षराखाली छापील अक्षर पुसट दिसत होतं. कंदिलाजवळ धरून मी पहिल्यांदाच ते वाचलं. ‘तथापि दर दहा झाडांत एक नर झाड राखावे. अन्यथा मादी झाडांस फळधारणा होत नाही.’

मी ते चार वेळा वाचलं. ‘तथापि’ या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे.

दुसऱ्या दिवशी मी काकींकडं न जाता गडग्याच्या पलीकडच्या बाजूनं तात्यांकडं गेलो. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मला पाट दिला.

“तात्या, तुम्हाला त्या झाडाचं माहीत होतं?”

“बाबा सांगी,” ते म्हणाले. त्यांनी मी कुठल्या झाडाबद्दल बोलतोय हे विचारलं नाही. “नऊ बायलो नि एक नवरो. नवरो खाता, पिता, काय देणा नाय. पण तो गेलो तर नवय वांझ रवतली. जंगलातले नर लोकांनी लाकडाक नेले. ह्यो एकच रवललो.”

“मग त्याला धाक कशाला घालायचा?”

“गाव बघी. सगळे न धरणाऱ्या झाडाक धाक घालतत, राऊळ नाय घालणत म्हटल्यार लोक इचारतले. म्हणान बाबा थोरल्याच्या हातात कुऱ्हाड देय आणि आपण जामीन रवी. मराच्या आधी माका म्हणालो, आता तू रव. थोरलो भजनातलो. तेका झाडातला काय कळी नाय.”

“काकींना का नाही सांगितलंत?”

“आमचा बोलणा नाय.”

“पण तात्या, एवढी गोष्ट…”

“सांगलंय मा. दरवर्सा सांगलंय. रवांदे म्हणान.”

“ते सगळेच म्हणतात. ती पद्धत असते.”

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. 

“त्या दिवशी तिका वैनी म्हटलंय,” ते म्हणाले. “अकरा वर्सांनी. तेच्यापेक्षा मोठ्यान कसा सांगतत, ता माका येणा नाय.”

त्यानंतर मी जे केलं ते सांगतो, कारण ते केलं नाही असं कुणी म्हणू नये. मी दोन दिवस जंगलात फिरून लांब कड्याखाली एक नर कोकम शोधलं, त्याच्या फांद्या तोडून आणल्या आणि पाण्याच्या बाटल्यांत खोचून काकींच्या नऊ झाडांवर बांधल्या. पण बाटल्यांतल्या फांद्यांवर फुलं होती तेव्हा झाडांवरची संपली होती. काकी खाली उभ्या राहून बघत होत्या.

“ह्या काय?” त्यांनी विचारलं.

“उपचार,” मी म्हणालो.

खरं सांगायची ती पहिली संधी होती. फेब्रुवारीत आणखी एक आली, मार्चमध्ये दोन. होळीच्या सकाळी काकींनी कुणाला बोलावलं नाही. गडग्यापाशी कुणी आलं नाही. धाक घालायला झाडच नव्हतं.

मे महिन्यात नऊ झाडांवर मिळून सतरा रातांबे मिळाले. काकींनी ते फोडले, सालं उन्हात घातली, रसात बुडवली, पुन्हा वाळवली. सात वेळा. मी एकदा म्हणालो की एवढ्याशासाठी सात वेळा कशाला, तर त्यांनी पुढचं साल रसात बुडवलं.

“नवीन नर लावला तर?” मी विचारलं.

“कधी धरतलो?”

“फुलायला सात-आठ वर्षं.”

“मी एकूणसत्तर. नि तो बापयोच निघतलो कशावरना?”

“तेही सात-आठ वर्षांनीच कळतं.”

काकी हसल्या. त्या वर्षात त्या एवढंच हसलेल्या मला आठवतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात प्रभाकर आला. शांत, चष्म्याचा, चाळिशीचा माणूस. त्यानं काकींनी सही करून दिलेलं पत्र जपून ठेवलं होतं, पण ते बाहेर काढायची वेळ आली नाही. काकींनी स्वतःच ट्रंक भरली. निघायच्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा पाणंदीत जीप उभी होती आणि प्रभाकर दाराला कुलूप लावून ते दोनदा ओढून बघत होता.

“साहेब, तुमचे आभार मानायचे होते,” तो मला म्हणाला. “चार वर्षं आम्ही मागं लागलो होतो. तुमच्यामुळं आई तयार झाली.”

त्याच आठवड्यात माझ्या बदलीचा हुकूमही आला होता, साताऱ्याला, मोहिमेतल्या कामगिरीबद्दल. तो माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. काकी जीपच्या मागच्या बाजूला, गडग्यालगत उभ्या होत्या. हातात एक लहान पिशवी. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि चार महिने पाठ केलेलं बोलायला लागलो. ते तसं आलं नाही, पण सगळं आलं. पत्रकाची मागची बाजू, बदलीचा खर्डा, ‘तथापि’, दीडपट हा आकडा. मी कुणाला विचारलं नव्हतं हे. शेवटी तात्यांचं.

“काकी, त्या दिवशी ते गडग्यासाठी बोलले नव्हते. झाड ठेवा म्हणून खरंच सांगत होते. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.”

काकींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं फारसं पाहिलंच नाही.

“खरांच सांगत होते?” त्यांनी विचारलं.

“खरंच.”

“नि मी तोडा म्हटलंय.”

प्रभाकरनं पुढच्या सीटवरून हाक मारली, “आई, गाडी चुकेल.” काकींनी एक हात वर करून त्याला थांबवलं. त्या गडग्याकडं वळल्या.

पलीकडं तात्या उभे होते. कधी आले होते ते कुणालाच कळलं नव्हतं. खांद्यावर पंचा, दोन्ही हात गडग्यावर ठेवलेले. दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं आणि मधे तो दगडांचा ढीग. काकी बघत राहिल्या. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुन्हा परत घेतली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. त्यालाही कळलं असावं की बाई कशाची तरी वाट बघताहेत. प्रभाकरनं चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो खूप वेळ पुसत राहिला. माझ्या मनात आलं, एक शब्द. तो शब्द या माणसाला येतो. इतकी वर्षं त्यानं तो झाडासाठी वापरला आहे.

तात्यांनी घसा खाकरला. काकी एक पाऊल पुढं झाल्या.

“सायबांनू,” तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, “ती जीप वायच फुडे घेवक सांगा. माझी म्हस कधीची वाटेत उभी आसा.”